कॅशबॅक, रिबेट आणि वर्षअखेरची स्कीम: सांगलीच्या ग्राहकांना आणि व्यापाऱ्यांना पडणारे प्रश्न

दसरा-दिवाळी आली की सांगली-मिरजेत कॅशबॅकचे फलक लागतात आणि मार्च जवळ आला की कुपवाडच्या कारखान्यांत आणि तासगावच्या कृषी सेवा केंद्रांत ‘टार्गेट पूर्ण करा, क्रेडिट नोट (पुढच्या बिलातून वळती होणाऱ्या रकमेची चिठ्ठी) घ्या’ असे फोन सुरू होतात. मी इथल्या छोट्या व्यापाऱ्यांच्या आणि कारखानदारांच्या हिशेबाची कामं करतो, त्यामुळे दोन्ही बाजूंचे प्रश्न माझ्याकडे येतात. पुन्हापुन्हा येणारे इथे घेतले आहेत. माझं मत आधीच सांगतो: बिलावर कमी झालेली रक्कम तुमची असते. नंतर मिळणारी रक्कम खात्यात पडेपर्यंत कंपनीचीच असते, आणि ती मिळवण्याची सगळी मेहनत व जोखीम मात्र तुमच्यावर येते.

रिबेट आणि साधी सवलत यात फरक काय?

सवलतीत तुम्ही कमीच पैसे देता. रिबेटमध्ये आधी पूर्ण पैसे देता, मग अटी पाळल्याचं सिद्ध करता आणि त्यानंतर काही रक्कम परत मिळते. गांधी जयंतीच्या सुमारास खादी भांडारात मिळतं त्यालाही आपण रिबेट म्हणतो, पण ते काउंटरवरच बिलातून वजा होतं, म्हणून त्याबद्दल काही तक्रार नाही. या पानावर रिबेट म्हणजे ‘नंतर परत मिळणारे पैसे’: कंपनीचा कॅशबॅक, कार्डाचा कॅशबॅक, डीलरची वर्षअखेरची स्कीम, उलाढालीवरची क्रेडिट नोट, सगळं त्यात आलं.

पैसे द्यायचेच आहेत, तर कंपनी किंमतच कमी का करत नाही?

सगळ्या विषयाचं मूळ या प्रश्नात आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पहिलं कारण असं की सगळे ग्राहक पैसे मागत नाहीत. कुणी खोका रद्दीत देतो, कुणाची मुदत टळते, कुणाच्या बिलावर सिरियल नंबर नसतो, कुणाला रक्कम छोटी म्हणून कंटाळा येतो. किंमत चार हजारांनी उतरवली तर ती प्रत्येकासाठी उतरते. चार हजारांचं रिबेट जाहीर केलं तर जाहिरात सगळ्यांना दिसते आणि पैसे फक्त मागणाऱ्यांना जातात. न मागितलेली रक्कम कंपनीकडेच राहते आणि स्कीम आखताना हे गणित धरलेलं असतं.

दुसरं, वस्तूची छापील किंमत वरच राहते. एकदा उतरवलेली किंमत पुन्हा चढवली की गिऱ्हाईक ओरडतं. रिबेट मात्र ३१ तारखेला गुपचूप बंद करता येतं. तिसरं, तुमचे पैसे दोन-तीन महिने बिनव्याजी वापरायला मिळतात. आणि चौथं, अर्ज भरताना तुमचं नाव, मोबाइल, पत्ता, बँक खातं आणि खरेदीची तारीख आयती हातात येते.

अमेरिकेत हा प्रकार आपल्या आधी फार वाढला होता. तिथे खोक्यावरचा बारकोड कापून, पावतीसह पोस्टाने पाठवायचा आणि काही आठवड्यांनी चेक यायची वाट बघायची. ते चेक वेळेवर न आल्याच्या तक्रारी इतक्या झाल्या की तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनला कारवाई करावी लागली. २००५ मधलं कॉम्पयूएसए या दुकानसाखळीचं प्रकरण त्यातलंच: एका उत्पादकाची रिबेटं वेळेवर मिळत नाहीत हे माहीत असूनही दुकानाने त्यांची जाहिरात चालू ठेवली, असा आयोगाचा आक्षेप होता. आपल्याकडे पोस्टाच्या जागी वेबसाइट आणि व्हॉट्सअ‍ॅप आलं, बाकी घडी तीच.

आपल्या भागात दुधाचा फरक दिवाळीला मिळतो, उसाचा हप्ता नंतर मिळतो. मग कॅशबॅक नंतर मिळाला तर बिघडलं कुठे?

हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. सांगली जिल्ह्यातल्या घरांना पैसे मागाहून येण्याची सवय आहे आणि त्या सवयीमुळेच आपण कॅशबॅकवर पटकन विश्वास टाकतो.

पण दोन्हीत मोठा फरक आहे. उसाचंच घ्या. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस घातल्यापासून १४ दिवसांत एफआरपीची, म्हणजे सरकारने ठरवलेल्या किमान ऊसदराची, रक्कम द्यावी लागते आणि उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज द्यावं लागतं. प्रत्यक्षात कारखाने किती पाळतात यावर आंदोलनं होतात हे खरं. पण आंदोलन करायला पायाखाली कायदा असतो, साखर आयुक्त असतात, वसुलीचा मार्ग असतो. दुधाच्या संस्थेत तुम्ही सभासद असता, सभेत उठून विचारू शकता.

कॅशबॅकला यातलं काहीच नाही. मुदत कंपनीने स्वतः लिहिलेली, ती चुकली तर व्याज नाही, आणि ‘पात्र’ कोण हे ठरवणारीही कंपनीच. पैसे देणाऱ्यानेच न्यायनिवाडा करायचा, अशी ही व्यवस्था आहे.

कॅशबॅक सहसा कुठे अडतो?

बहुतेक वेळा खरेदीच्या दिवशीच अडलेला असतो, कळतं तीन महिन्यांनी.

सगळ्यात जास्त घोळ बिलाचा. बिल एका नावाने, कार्ड दुसऱ्याच्या नावाचं, नोंदणी तिसऱ्याच्या मोबाइलवरून. आपल्याकडे बिल वडिलांच्या नावाने करायची पद्धत असते आणि कार्ड पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाचं असतं. काही योजनांत एवढ्यावरच अर्ज नाकारला जातो. बिलावर मॉडेल नंबर अर्धवट लिहिला असेल, सिरियल नंबर नसेल किंवा दुकानदाराने आधी कच्चं बिल देऊन पक्कं नंतरच्या तारखेचं केलं असेल, तरी तेच.

मग मुदत. खरेदीपासून अमुक दिवसांत नोंदणी करायची असते, पण काही योजनांत त्याआधी कंपनीच्या माणसाने येऊन मशीन बसवलेलं असावं लागतं. ऐन सणात तो माणूस आटपाडी किंवा जतला पोचायला आठ-दहा दिवस घेतो आणि नोंदणीची मुदत तिकडे चालूच असते. शहरातल्या ग्राहकापेक्षा तालुक्यातल्या ग्राहकाला ही अट जास्त जाचते, आणि जाहिरात मात्र दोघांना सारखीच.

कार्डाच्या कॅशबॅकमध्ये ‘१० टक्के’ मोठ्या अक्षरात आणि कमाल मर्यादा बारीक अक्षरात असते. १० टक्के, कमाल २,००० रुपये असेल तर ६०,००० च्या फ्रिजवर तुम्हाला मिळालेली सूट सव्वातीन टक्क्यांच्या आसपास येते. शिवाय किमान खरेदीची रक्कम, फक्त हप्त्यांवर लागू, त्या कार्डावरचा योजनेतला पहिलाच व्यवहार हवा, दुकानाचं ठरावीक मशीनच हवं. दुकानात गर्दी असते आणि मुलगा कोणत्या मशीनवर कार्ड घासतो याकडे आपलं लक्ष नसतं.

एक गोष्ट लोकांना माहीत नसते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये जाहिरातींसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. जाहिरातीतला दावा ज्या भाषेत आहे, त्याच भाषेत खुलासा किंवा अट द्यावी, असं त्यांत आहे. मराठी पेपरात ‘५,००० रुपये कॅशबॅक’ मराठीत आणि अटी इंग्रजीत बारीक अक्षरात असतील तर त्यावर बोट ठेवता येतं. कात्रण जपून ठेवा.

एका दुकानात ४२,००० चं मशीन आणि ४,००० कॅशबॅक. गणपती पेठेतला दुकानदार बिलावरच ३९,५०० म्हणतो. कुठे घ्यावं?

कागदावर पहिलं ३८,००० ला पडतं, म्हणजे दीड हजाराने स्वस्त. आता कॅशबॅकसाठी हप्ते सक्तीचे असतील तर प्रोसेसिंग फी आणि त्यावरचा जीएसटी धरा, कागदपत्रांसाठीची एखाद-दुसरी फेरी धरा. खर्च ५०० रुपये मानू. म्हणजे खिशातून गेले ४२,५००. कॅशबॅक आला तर ३८,५०० ला पडलं, दुसऱ्या दुकानापेक्षा हजाराने स्वस्त. नाही आला तर तीन हजाराने महाग.

चार जणांनी असा सौदा केला आणि तिघांना पैसे मिळाले, एकाला नाही, तर तिघांचे मिळून तीन हजार वाचले आणि एकट्या चौथ्याचे तीन हजार गेले. चौघांचा मिळून फायदा शून्य. म्हणून स्वतःला विचारा की आपल्या घरात, आपल्या कागदपत्रांच्या सवयीत, चारपैकी तीनपेक्षा जास्त वेळा हे पैसे येतील का? उत्तर ठाम ‘हो’ नसेल तर ३९,५०० वाल्याकडे जावं. स्थानिक दुकानदार दुरुस्तीच्या वेळी फोन उचलतो, तो फायदा वेगळाच.

आणि एक करून बघा. कॅशबॅकवाल्या दुकानात सरळ विचारा, ‘कॅशबॅक नको, बिलावर किती कमी कराल?’ पुष्कळदा तिथेच हजार-पंधराशे सुटतात.

‘नो कॉस्ट’ हप्ता आणि वर कॅशबॅक, म्हणजे दुहेरी फायदा ना?

व्याज नाहीसं झालेलं नसतं. व्याजाइतकी रक्कम सवलत म्हणून आधी वजा करतात आणि बँक ती व्याज म्हणून वसूल करते. शून्य टक्के व्याज असं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं. क्रेडिट कार्डाच्या हप्त्यातल्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, तो तुम्हीच भरता. हप्ते मुदतीआधी फेडले तर बऱ्याच योजनांत कॅशबॅक रद्द होतो. म्हणजे हातात पैसे असूनही कर्ज चालू ठेवायचं. आणि कार्डाचं बिल एकदा जरी थकलं, तर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास जाणारं व्याज सगळा कॅशबॅक गिळून टाकतं.

वस्तू परत केली तर?

कॅशबॅक परत घेतात, किंवा परताव्यातून कापतात. बदलून दुसरी वस्तू घेतली तर सिरियल नंबर बदलतो आणि जुन्या नंबरावरचा अर्ज अडतो. त्यामुळे बदली होताच नवं बिल किंवा बिलावर शिक्क्यासह नव्या नंबराची नोंद मागून घ्या. अर्जात अडकून पडू म्हणून सदोष मशीन तसंच वापरत बसणारे लोक मी पाहिले आहेत. तसं करू नका. सदोष वस्तूचा हक्क कॅशबॅकपेक्षा मोठा आहे.

कॅशबॅक वॉलेटमध्ये किंवा व्हाउचरच्या रूपात आला. चालेल का?

ती रक्कम नव्हे, पुढच्या खरेदीचं आमिष आहे. मुदत संपली की संपलं. हिशेब करताना त्याची किंमत निम्म्याहून जास्त धरू नये, असा माझा सल्ला आहे.

‘तुमचा कॅशबॅक मंजूर झाला, खात्री करा’ असा फोन आला. काय करू?

फोन ठेवून द्या. पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही, ओटीपीही लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे जाणार. कॅशबॅकची वाट बघणारा माणूस अशा फोनला लवकर बळी पडतो, कारण त्याला पैसे खरंच यायचे असतात. फसवणारा नेमकी तीच गोष्ट बोलतो. इंटरनेटवर शोधून सापडलेल्या ‘ग्राहक सेवा’ नंबरवरही विश्वास ठेवू नका, वॉरंटी कार्डावर किंवा कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर छापलेलाच वापरा. पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० वर फोन करा. पहिल्या तासा-दोन तासांत कळवलं तर रक्कम पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता जास्त असते.

आमचा कुपवाड एमआयडीसीत छोटा कारखाना आहे. पुरवठादार म्हणतो, वर्षात १० लाखांचा माल घ्या, २ टक्के मिळेल. घ्यावं का?

उलाढालीच्या स्लॅबवर सगळ्यात जास्त पैसा अडकतो, म्हणून आकड्यांनीच बोलू.

समजा १० लाखांखाली १ टक्का आणि १० लाखांवर २ टक्के. मार्चच्या पहिल्या आठवड्यात तुमची खरेदी ९ लाख २० हजार झाली आहे. तिथेच थांबलात तर ९,२०० मिळतील. आणखी ८०,००० चा माल उचललात तर २०,००० मिळतील. म्हणजे ८०,००० घातले की १०,८०० जास्त. ऐकायला झकास वाटतं आणि पुरवठादाराचा माणूस हेच गणित मांडतो.

त्याने न मांडलेलं गणित असं. बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जावर १२ टक्के व्याज धरलं तर ८०,००० रुपये सहा महिने अडकले की ४,८०० गेले. रिबेटची क्रेडिट नोट मे-जूनमध्ये येणार, तीही पुढच्या मालावर वळती होणारी. जास्तीचा माल तुम्ही पुढच्या वर्षीच्या गरजेतूनच आधी उचललाय, म्हणजे पुढच्या वर्षीची सुरुवात उणे ८०,००० पासून. पुढच्या मार्चला पुन्हा हीच धावपळ, कदाचित मोठ्या आकड्याची, कारण कंपन्या गेल्या वर्षीच्या आकड्यावरून टार्गेट वाढवतात. आणि माल तांब्याची केबल, बेअरिंग असेल तर निदान राहतो. रंग, रसायनं, चिकटपदार्थ असतील तर मुदत संपते.

याहून मोठा तोटा वहीत कुठेच दिसत नाही. जानेवारीत दुसरा पुरवठादार तोच माल बिलावर ३ टक्के कमी देतो, पण तुम्ही घेत नाही, कारण ‘स्लॅब तुटेल’. दोन टक्क्यांच्या आशेवर तीन टक्के सोडायचे. मी पाहिलेल्या बऱ्याच खरेदी खात्यांत हा तोटा वर्षानुवर्षं चालू असतो आणि त्याला ‘जुने संबंध’ म्हणतात. जुने संबंध जरूर जपावेत, पण दर महिन्याला दोन कोटेशनं मागवून.

अजून एक विषमता. तुमचा पुरवठादार सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल तर २००६ च्या कायद्यानुसार त्याचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, नाहीतर व्याज लागतं. त्याने तुम्हाला द्यायच्या रिबेटला अशी कुठलीच मुदत नाही. ती करारात तुम्हीच घालून घ्यायला हवी.

क्रेडिट नोट आली की जीएसटीचं काय होतं?

क्रेडिट नोट दोन प्रकारची असते आणि आधी कोणती येणार ते विचारा. जीएसटीसह असेल तर पुरवठादार आपला कर कमी करतो आणि तुम्हाला तेवढं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची मिळणारी वजावट) परत करावं लागतं. म्हणजे २०,००० च्या रिबेटवर १८ टक्के दराने ३,६०० चं क्रेडिट उलटवायचं. ते राहून गेलं तर पुढे नोटीस, व्याज. अशी नोट काढायला मुदतही आहे: ज्या आर्थिक वर्षातला माल, ते संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत किंवा वार्षिक विवरणपत्र भरेपर्यंत, यातलं जे आधी असेल ते. पुरवठादाराने वर्षभर टोलवलं की हा रस्ता बंद होतो. जीएसटीशिवायची व्यापारी क्रेडिट नोट असेल तर कराला हात लागत नाही, तुमचं क्रेडिट तसंच राहतं.

हिशेबात रिबेट हे ‘इतर उत्पन्न’ म्हणून टाकायची सवय दिसते. लेखा मानक २ नुसार, म्हणजे शिल्लक मालाची किंमत धरण्याच्या नियमानुसार, ते मालाच्या खरेदी किमतीतून वजा व्हायला हवं. नाहीतर शिल्लक माल फुगलेला दिसतो आणि वर्षभर तुम्ही वस्तूची किंमत चुकीच्या आकड्यावर ठरवता. पुढच्या वर्षी जून महिन्यात येणाऱ्या रिबेटवर यंदाच्या ऑगस्टमधला विक्रीदर ठरवणं हा तर शुद्ध अंदाजाचा खेळ झाला, आणि छोट्या उद्योगाला तो परवडत नाही.

ज्यांना इनपुट क्रेडिट मिळत नाही, त्यांना काही फरक पडतो का?

पडतो, आणि हे फार कमी लोक सांगतात. शेतकरी, शाळा, देवस्थान ट्रस्ट, जीएसटीच्या कंपोझिशन (सोप्या, ठोक कराच्या) योजनेतला दुकानदार, यांच्यासाठी जीएसटी हा खर्चच असतो. कोटेशन ‘जीएसटी वेगळा’ असं असेल आणि पुरवठादाराने दरात ५,००० कमी केले, तर १८ टक्क्यांच्या वस्तूवर बिल ५,९०० ने उतरतं. तेच ५,००० नंतर कॅशबॅक म्हणून आले तर ५,००० च. बरोबरीला यायचं असेल तर कॅशबॅक ५,९०० चा हवा. दुकानातल्या करासह किमतींना हे लागू नाही, तिथे आकडा आकड्यासारखाच राहतो.

टार्गेट पूर्ण केल्यावर परदेश सहल किंवा सोन्याचं नाणं मिळणार आहे. ते रिबेटपेक्षा चांगलं नाही का?

नाही. १ जुलै २०२२ पासून लागू झालेल्या तरतुदीनुसार, व्यवसायातून वर्षात २०,००० रुपयांहून जास्त किमतीचा असा लाभ मिळाला तर त्यावर १० टक्के टीडीएस (आधीच कापला जाणारा आयकर) आहे. साधी विक्री सवलत, रोख सवलत आणि रिबेट यातून वगळलंय. सहल, नाणं, टीव्ही, मोबाइल मात्र आत येतं, आणि त्याची किंमत तुमच्या व्यवसायाच्या उत्पन्नात धरली जाते. म्हणजे न विकता येणाऱ्या सहलीवर खऱ्या पैशांत कर. कृषी सेवा केंद्रवाल्यांना मी कळकळीने सांगतो: सहलीऐवजी तेवढी रक्कम बिलाच्या दरात मागा. ती मिळाली तर द्राक्ष बागायतदारालाही दर कमी करता येईल. सहल मिळाली तर तिचा खर्च औषधाच्या बाटलीतच बसतो, आणि ऑक्टोबरच्या छाटणीनंतर उधारीवर औषध उचलणारा शेतकरी तो फेडतो.

शाळेसाठी, सोसायटीसाठी किंवा ट्रस्टसाठी खरेदी केली. कॅशबॅक कुणाचा?

ज्याचे पैसे, त्याचा. संस्थेचा.

पण सेक्रेटरीच्या कार्डावरून पंप घेतला, संस्थेने त्यांना पूर्ण रक्कम दिली आणि कॅशबॅक सेक्रेटरींच्या खात्यात आला, असं सर्रास घडतं. त्यांचा हेतू वाईट नसतो, कित्येकदा त्यांना आल्याचं कळतही नाही. तरी संस्थेच्या वहीत वस्तू महाग दिसते आणि लेखापरीक्षकाने विचारलं की प्रामाणिक माणूस अडचणीत येतो. गावगाड्यात एवढं पुरतं संशय उठायला. म्हणून संस्थेच्या खरेदीत कॅशबॅकची योजना घेऊच नये, संस्थेच्या खात्यातून पैसे द्यावेत आणि दर बिलावरच कमी करून घ्यावा. घेतलीच, तर ठरावात लिहा की परत येणारी रक्कम संस्थेच्या खात्यात जमा होईल.

ठिबकचं अनुदानही आधी खर्च, नंतर परतावा असंच आहे. तेही टाळावं का?

नाही, तुलना तिथे थांबवावी. ठिबकचं अनुदान ही शासनाची योजना आहे: केंद्राच्या योजनेत अल्प व अत्यल्प भूधारकांना ५५ टक्के आणि इतरांना ४५ टक्के, त्यावर राज्याचं पूरक अनुदान मिळून ८० आणि ७५ टक्क्यांपर्यंत. शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज, पूर्वसंमती, तपासणी असा ठरलेला मार्ग आहे. रक्कम एवढी मोठी आहे की वाट बघणं परवडतं. मात्र एक धडा दोन्हीकडे सारखा लागू आहे. अनुदान अमुक महिन्यात येईल असं धरून सोसायटीच्या कर्जाचा हप्ता किंवा मुलीच्या कॉलेजची फी त्यावर अवलंबून ठेवू नका. पूर्वसंमतीआधी साहित्य खरेदी करू नका. आणि डीलर ‘अनुदान वजा जाता एवढेच पडतील’ म्हणत असेल तर कोटेशनवर पूर्ण किंमत लिहून घ्या, म्हणजे इतर डीलरांशी ती ताडून बघता येते. पुष्कळदा पूर्ण किंमतच फुगवलेली निघते.

कोटेशन मागवताना काय लिहून घ्यावं?

‘सर्व सवलती वजा करून, जीएसटीसह, पोच दर (माल तुमच्या दारात पोचेपर्यंतचा)’ असं लिहून मागवा. तुलनापत्रात फक्त हाच आकडा घ्या. नंतर मिळणारं रिबेट शेऱ्याच्या रकान्यात लिहा, दराच्या रकान्यात नको. पुरवठादार रिबेटवर अडूनच बसला तर चार गोष्टी कागदावर हव्यात: रक्कम काढायची पद्धत, देण्याची तारीख, उशीर झाल्यास व्याज, आणि तारीख उलटल्यास पुढच्या बिलातून वळती करून घ्यायचा तुमचा हक्क. शेवटची अट सगळ्यात कामाची आहे. ती लिहिलेली नसेल आणि तुम्ही बिलातून रक्कम कापली तर थकबाकीदार तुम्ही ठरता. विक्री प्रतिनिधीच्या व्हॉट्सअ‍ॅपवरच्या आश्वासनावर राहू नका. तो सहा महिन्यांत कोल्हापूरला किंवा सोलापूरला बदलून जातो आणि नवा म्हणतो, ‘मला कल्पना नाही.’

मग रिबेट कधीच घेऊ नये?

घ्यावं की. रिबेट न धरताही तो सौदा सगळ्यात स्वस्त असेल आणि अर्ज भरायची चिकाटी असेल तर जरूर घ्या. खरेदीच्या दिवशीच बिल, सिरियल नंबर, खोका, कार्डाची चिठ्ठी आणि योजनेच्या अटींचं पान, सगळ्यांचे फोटो काढा, अर्जाचा नंबर लिहून ठेवा आणि मुदतीच्या तारखेची मोबाइलमध्ये आठवण लावा. वेबसाइटवरचं अटींचं पान योजना संपली की गायब होतं, म्हणून त्याचा फोटो सगळ्यात आधी.

मुदत उलटली, पैसे आले नाहीत. तक्रार कुठे करू?

आधी कंपनीला ईमेल, अर्जाच्या नंबरासह आणि उत्तरासाठी पंधरा दिवस देऊन. फोनवर बोलणं झालं तरी ईमेल हवाच. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. कॅशबॅकच्या पुष्कळ तक्रारी इथेच सुटतात, कारण कंपनीला रक्कम छोटी असते आणि नोंद झालेली तक्रार जड जाते.

तिथेही नाही सुटलं तर सांगलीचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता तिथेच तक्रार करता येते, कंपनी गुरुग्रामची असो की बेंगळुरूची. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते. वस्तूसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची, वाद निर्माण झाला तेव्हापासून.

व्यवसायासाठी खरेदी केली असेल तर मात्र हा दरवाजा सहसा बंद असतो, कारण व्यापारी हेतूने घेणारा कायद्याच्या व्याख्येत ‘ग्राहक’ नाही. स्वतःच्या उदरनिर्वाहासाठी, स्वतः राबून चालवायच्या धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूला अपवाद आहे. शिलाई मशीन घेणारी ताई किंवा स्वतःची रिक्षा चालवणारा त्यात बसतो. लघुउद्योगांसाठीचं सरकारी तक्रार पोर्टल थकलेल्या बिलांसाठी, म्हणजे विक्रेत्यांसाठी आहे; रिबेट थकलेल्या खरेदीदाराला तिथे जागा नाही. त्याला उरतो करार, वकिलाची नोटीस आणि दिवाणी न्यायालय, तिथली मुदत साधारण तीन वर्षांची. वीस हजारांच्या क्रेडिट नोटेसाठी तो रस्ता कुणी धरत नाही, हे पुरवठादारालाही ठाऊक असतं.